बोरूच्या रानातला बिल्ला

परदेशी निघालेल्या माणसाच्या गळ्यात आपल्याकडे हार कमी आणि याद्याच अधिक पडतात. कुणाला गुडघ्याला चोळायचे मलम हवे असते, कुणाला बदाम, कुणाला नातवासाठी चावीची आगगाडी. २०२४ च्या नोव्हेंबरात मी ओरलँडोला एका जुन्या मित्राकडे गेलो, तेव्हा अशी यादी खिशात होतीच. तिच्यातले शेवटचे कलम मात्र मी तिथे पोचल्यावर बेंगळुराहून फोनवर आले, आणि तेही जरा चाचरत.

"मामा, अठरा तारखेला आमचा उपग्रह तुझ्या तिथून जायचाय," माझी भाची म्हणाली. "जमलं तर बघून ये. आणि त्याचा बिल्ला कुठे मिळाला तर आण. एकच."

बिल्ला म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे एस. टी.च्या कंडक्टरच्या छातीवरचा बिल्ला आला. तो कशाला हवा हिला? मग तिने समजावून सांगितले. अंतराळात यान जायचे असले म्हणजे त्या मोहिमेचे एक चित्र ठरवतात, ते तळहाताएवढ्या कापडावर रंगीत दोऱ्यांनी भरतात, कडेने जाड दोऱ्याची गुंफण घालतात, आणि त्या मोहिमेवर काम केलेली माणसे तो बिल्ला कोटाच्या बाहीवर किंवा छातीवर शिवून घेतात. माणसे जाणार असोत की नुसते यंत्र जाणार असो, बिल्ला असतोच.

तो उपग्रह होता 'जीसॅट-एन-२', जुने नाव 'जीसॅट-२०'. त्यातल्या एका पेटीच्या चाचण्यांत माझ्या भाचीची अडीच वर्षे गेली होती. पेटीत काय आहे ते मी तिला दोनदा विचारले, तिने दोनदा सांगितले, आणि दोन्ही वेळा मी "अस्सं" म्हणून मान डोलावली. एवढे मात्र समजले की उपग्रहाचे वजन ४,७०० किलो, आणि आपला सर्वांत जोरकस अग्निबाण, एल. व्ही. एम. ३, त्या उंच कक्षेच्या वाटेवर सुमारे ४,००० किलोच नेऊ शकतो. म्हणून सरकारी 'न्यूस्पेस इंडिया' कंपनीने अमेरिकेतल्या 'स्पेसएक्स' कंपनीचा फाल्कन-९ हा अग्निबाण भाड्याने ठरवला होता. रोख पैसे मोजून केलेला व्यवहार. त्यावरून इकडे वर्तमानपत्री चर्चा झालीच, आणि "आपला उपग्रह, मग अग्निबाण परक्याचा कशाला?" हे वाक्य, खरे सांगायचे तर, आमच्या घरी जेवणाच्या पानावरही बोलले गेले होते. बोलणारा मीच होतो. भाची तेव्हा काही बोलली नाही. ताटातली कोशिंबीर चमच्याने इकडची तिकडे करीत राहिली. फोन ठेवल्यावर मला ती कोशिंबीर आठवली.

ओरलँडोहून ठीक पूर्वेला निघाले म्हणजे तासाभरात समुद्र लागतो. वाट अगदी सपाट. टेकडी म्हणून औषधालाही नाही. दोन्ही बाजूंना पाइनची झाडे, मधूनमधून दलदल, आणि डबक्यांच्या काठी लाकडाच्या ओंडक्यासारख्या पडलेल्या मगरी. त्या भागाचा टेलिफोनचा आकडासुद्धा ३२१ असा मुद्दाम मागून घेतलेला आहे, म्हणजे कुणाला फोन लावायचा तरी उड्डाणाची उलटी मोजणी म्हणूनच लावावा लागतो! मग 'इंडियन रिव्हर' नावाचे खाऱ्या पाण्याचे लांबलचक पात्र येते. नाव नदीचे, पण ती नदी नव्हे, खाडी आहे. पलीकडे मेरिट बेट, त्याच्या पलीकडे आणखी एक खाडी, आणि शेवटी समुद्रात कोपर खुपसून बसल्यासारखे केप कॅनॅव्हरलचे भूशिर.

हे नाव स्पॅनिश खलाशांनी दिले. त्याचा अर्थ वेताचे, देवनळाचे, आपल्या भाषेत बोरूचे रान. १९६३ मध्ये केनेडींचा खून झाल्यावर या भूशिराला त्यांचे नाव दिले गेले, पण फ्लॉरिडाच्या लोकांना ते काही रुचले नाही आणि १९७३ मध्ये त्यांनी जुने नाव परत मिळवले. मला ते आवडले. ज्या बोरूने आमच्या आजोबांनी कित्ते गिरवले त्याच्या रानातून आता आकाशात रेघा ओढतात. पहिली रेघ २४ जुलै १९५० रोजी उमटली. जर्मनांकडून घेतलेल्या व्ही-२ अग्निबाणाच्या डोक्यावर एक लहान अग्निबाण बसवून तो इथून सोडला होता.

जागा का निवडली ते कुणी न सांगता कळते. पूर्वेला अथांग समुद्र. वरून काही कोसळले तरी कुणाच्या छपरावर नको. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तो धक्का फुकटात मिळतो. आपले श्रीहरिकोटा याच हिशेबाने बंगालच्या उपसागराच्या काठी आहे. आणखीही एक साम्य आहे. श्रीहरिकोट्याच्या मागे पुलिकत सरोवरावर रोहित पक्षी उतरतात, आणि इथे मेरिट बेटावर १९६३ पासून अभयारण्य आहे. माणसांना जिथे जायला मज्जाव असतो तिथे पाखरे आपोआप सुखी होतात.

अठरा तारखेला दोन दिवस होते. मी बिल्ल्याच्या शोधाला लागलो.

बिल्ल्यांना तिथे तोटा नाही. एका दुकानाच्या अख्ख्या भिंतीवर ते पत्रावळींसारखे टांगले होते. गोल, त्रिकोणी, ढालीच्या आकाराचे, चांदणीच्या आकाराचे. त्या भिंतीपुढे मी तासभर उभा होतो, आणि दुकानदारालाही त्या वेळी दुसरे गिऱ्हाईक नव्हते म्हणून तो कौतुकाने दाखवीत राहिला. अपोलो-११ चा बिल्ला मी ओळखला. चंद्रावर उतरणारा गरुड, नखांत ऑलिव्हची डहाळी. पहिल्या आराखड्यात ती डहाळी चोचीत होती आणि मोकळी नखे चंद्रावर झेपावलेली होती. ते फारच हिंस्र दिसते म्हणून डहाळी खाली नखांत आणली. त्या बिल्ल्यावर तिघा चांद्रवीरांची नावे नाहीत. ज्या हजारो लोकांनी हे काम केले त्या सर्वांचा तो असावा, म्हणून त्यांनी आपली नावे मुद्दाम गाळली. प्रसिद्धीची एवढी मोठी संधी चालून आलेली असताना स्वतःचे नाव गाळणारी माणसे मी आमच्या गणेशोत्सवाच्या कार्यकारिणीत अजून पाहिलेली नाहीत!

याही आधीचा, 'नासा'चा सर्वांत पहिला बिल्ला १९६५ चा. त्याची कथा मोठी मौजेची आहे. पूर्वी अंतराळवीर आपल्या यानाला लाडाने नाव ठेवीत. वरिष्ठांना तो पोरकटपणा वाटला आणि नावे बंद झाली. तेव्हा जेमिनी-५ वर जाणारे गॉर्डन कूपर आणि पीट कॉनरॅड यांनी, लष्करातल्या पलटणींना असतो तसा, एक कापडी बिल्ला करायचे ठरवले. त्यावर चित्र काय? तर अमेरिकेत पश्चिमेकडे वसाहतीला निघालेली कुटुंबे ज्या कापडी छपराच्या गाडीतून जात, ती गाडी. आणि गाडीच्या छपरावर अक्षरे, "आठ दिवस, नाहीतर फजिती". तोवर एका दमात पाच दिवसांच्या वर अंतराळात कुणी राहिले नव्हते. 'नासा'चे प्रमुख जेम्स वेब यांनी बिल्ला मंजूर केला, पण ती अक्षरे पाहून त्यांच्या पोटात गोळा आला. समजा, यंत्र बिघडले आणि सहाव्या दिवशी परत यावे लागले, तर 'फजिती' हा शब्द दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांचा मथळा झाला असता. म्हणून त्यांनी त्या अक्षरांवर कापडाचा तुकडा शिवून ती झाकायला लावली. आठ दिवस पुरे झाले की झाकण काढा! यान २९ ऑगस्टला उतरले तेव्हा आठ दिवसांना तासभर कमी होता. तेवढे माफ झाले.

ही गोष्ट ऐकून मी एकाएकी थबकलो. बिल्ला शिवतात तो उड्डाणाच्या आधी. पदक पराक्रमानंतर मिळते, प्रमाणपत्र परीक्षेनंतर मिळते. हा मात्र काय होणार ते ठाऊक नसताना छातीवर लावायचा. लग्नाआधी छापलेल्या पत्रिकेसारखे हे धाडस आहे.

दुकानदाराकडे आणखीही चमत्कारिक बिल्ले होते. एकावर अक्राळविक्राळ ऑक्टोपसने पृथ्वीगोलाला आठही भुजांनी विळखा घातला होता. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या एका हेरगिरीच्या उपग्रहाचा हा बिल्ला. त्यावरची इंग्रजी ओळ सांगत होती की आमच्या आवाक्याबाहेर काहीच नाही. इतके गुप्त काम, आणि त्याची जाहिरात कशिद्याने भरलेली! माणसाला आपण केलेले काम कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवत नाही, मग ते हेराचे का असेना.

पण माझ्या भाचीचा बिल्ला भिंतीवर नव्हता. आणखी दोन दुकाने पालथी घातली, तिथेही नव्हता. एका दुकानातल्या मुलीने अगदी गोड आवाजात विचारले, "त्यात माणसे जाताहेत का?" मी म्हटले, "नाही, दळणवळणाचा उपग्रह आहे. भारताचा." ती म्हणाली, "मग तो कोण विचारतो?" तिचा यात काही दोष नव्हता. हल्ली त्या किनाऱ्यावरून दोन-तीन दिवसांआड काही ना काही वर जाते. रोजच्या एस. टी.चे तिकीट कोण जपून ठेवतो?

टायटसव्हिल या खाडीकाठच्या गावात एक छोटे संग्रहालय आहे, स्वयंसेवकांनी चालवलेले. तिथे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ दाराशी बसले होते. जन्मभर प्रक्षेपणतळावर नळजोडणीचे काम केलेले. त्यांच्या अंगात निळे जाकीट होते आणि त्यावर इतके बिल्ले शिवले होते की मूळचे निळे कापड फक्त काखेत दिसत होते. मी माझे गाऱ्हाणे त्यांच्यापुढे मांडले. ते म्हणाले, "माणसे बसून जातात तेव्हा जगाला त्यांची नावे पाठ होतात. रिकामी गाडी जाते तेव्हा ती कुणी जोडली हे आम्हालाच ठाऊक असते. म्हणून हे." आणि त्यांनी दंड थोपटला. मग एका बिल्ल्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे मात्र वर पोचले नाही. फुटले."

"आणि तरी तुम्ही हा लावता?"

"शिवला होता ना," ते म्हणाले.

चार पानांच्या गवताची गोष्टही त्यांनीच सांगितली. आपल्याकडे गुरांना बरसीम घालतात, त्याच जातीतले क्लोव्हर नावाचे गवत. त्याला एरवी तीन पाने असतात. हजारोंत एखाद्या देठाला चार निघतात आणि ते सापडणे तिकडे शुभ मानतात. स्पेसएक्स कंपनी नवी होती तेव्हा तिने प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन कंकणद्वीपातल्या ओमेलेक नावाच्या चिमुकल्या बेटावरून फाल्कन-१ हा लहान अग्निबाण सोडायला सुरुवात केली. पहिला मार्च २००६ मध्ये गेला आणि पडला. इंधनाच्या नळीवरचे एक लहानसे नट समुद्राच्या खाऱ्या हवेने कुरतडले होते. दुसरा मार्च २००७ मध्ये, तोही कक्षेत पोचला नाही. तिसरा ऑगस्ट २००८ मध्ये. त्याचे दोन टप्पे सुटे झाल्यावर पुन्हा एकमेकांवर आदळले. पैसा संपत आला होता. आठच आठवड्यांनी, २८ सप्टेंबर २००८ रोजी, चौथा सोडला. त्यात गिऱ्हाइकाचा उपग्रह नव्हता, १६५ किलोंचे नुसते वजन ठेवले होते. त्या उड्डाणाच्या बिल्ल्यावर कुणीतरी चार पानांचे क्लोव्हर भरले, आणि अग्निबाण कक्षेत पोचला! पुढच्या जुलैत त्याच बेटावरून मलेशियाचा 'रझाकसॅट' गेला, तो त्या कंपनीने कक्षेत पोचवलेला गिऱ्हाइकाचा पहिला उपग्रह. तेव्हापासून कंपनीच्या प्रत्येक मोहिमेच्या बिल्ल्यावर कुठेतरी कोपऱ्यात ती चार पाने असतातच. जून २०१५ मध्ये त्यांचा एक फाल्कन-९ आकाशात फुटला, त्याच्याही बिल्ल्यावर ती होती. पण म्हणून कुणी पाने काढली नाहीत.

मला आपल्याकडची रीत आठवली. उड्डाणाच्या आधी आपले शास्त्रज्ञ अग्निबाणाची लहान प्रतिकृती तिरुपतीच्या बालाजीच्या पायांशी ठेवून येतात, आणि त्यावर दर वेळी कुणीतरी विज्ञाननिष्ठ माणूस वर्तमानपत्राला रागावून पत्र लिहितो. मीही एकदा लिहिले होते. त्या गृहस्थांच्या जाकिटावरची हिरवी पाने पाहून ते पत्र मनातल्या मनात परत घेतले.

अठरा तारीख, सोमवार. उड्डाण दुपारी १ वाजून ३१ मिनिटांनी. बेंगळुरात त्या वेळी मध्यरात्र उलटून एक मिनिट झालेला असणार, म्हणजे तिथे तारीखसुद्धा एकोणीस. घरून त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्यांची छायाचित्रे येऊन तीनच दिवस झाले होते.

आम्ही बंदराच्या तोंडाशी असलेल्या जेटी पार्कात जाऊन उभे राहिलो. तिथून चाळीस नंबरचा प्रक्षेपणमंच उत्तरेला साधारण सतरा किलोमीटर. धक्क्यावर गळ टाकून बसलेली मंडळी आमच्यासारख्या हौशांकडे पाहतही नव्हती. एक पेलिकन कठड्यावर बसून कुणाच्या तरी बादलीवर डोळा ठेवून होता. मी भाचीला फोन लावला. ती घरी, चित्रवाणीपुढे. बाजूला तिची आई, म्हणजे माझी बहीण, हातात जपमाळ घेऊन. हे बिल्ल्यावर कुणी भरत नाही.

"मामा, दोन मिनिटं राहिली," भाची म्हणाली.

मग कुणीच काही बोलेना. आणि उत्तरेकडच्या झाडांच्या रेघेवर एकाएकी एक ठिणगी पेटली. आवाज नाही, काही नाही. वेल्डिंग करणाऱ्याच्या हातातला तो पांढरा डोळे दिपवणारा ठिपका असतो, तसा ठिपका झाडांच्या वर सरकू लागला. मी ओरडलो, "गेला! गेला गं!"

"नाही मामा," ती कळवळून म्हणाली, "इथे अजून उभाच आहे!"

एक क्षण माझे काळीज थांबले. मग उमगले. चित्रवाणीचे चित्र अमेरिकेतून बेंगळुराला पोचेपर्यंत काही सेकंदे मागे पडते. तिच्या डोळ्यांपुढे तो अजून जमिनीवर होता आणि माझ्या डोळ्यांपुढे आभाळात. ज्या यंत्रात तिची अडीच वर्षे होती, त्याचे भवितव्य त्या काही सेकंदांपुरते मला आधी कळले होते. मी नुसते "वर आहे, वर आहे, सरळ आहे" एवढेच म्हणत राहिलो. तेवढ्यात तिकडून किंकाळी आली, बहिणीची. त्यांच्याकडेही उडाला होता.

आवाज नंतर आला. सतरा किलोमीटर यायला ध्वनीला पन्नास सेकंदे लागतात. अग्निबाण पूर्वेला कलून समुद्रावर बराच उंच गेला होता, आणि तेव्हा कुठे लांबून मालगाडी यावी तशी घरघर सुरू झाली. ती वाढत जाऊन छातीच्या फासळ्या थरथरू लागल्या. पेलिकन उडाला. गळ टाकलेल्या एकाने मात्र त्याच वेळी मासा ओढला आणि आमच्याकडे पाहून अंगठा वर केला. तो माशाबद्दल की अग्निबाणाबद्दल, हे कळायला मार्ग नव्हता.

पुढचे सगळे डोळ्यांआड झाले. खालचा टप्पा सुटून समुद्रातल्या तराफ्यावर परत उभा राहिला. त्याची ती एकोणिसावी खेप. चौतीस मिनिटांनी उपग्रह सुटा झाला. बत्तीस झोत आहेत त्याच्यापाशी: चोवीस रुंद, उरलेल्या देशासाठी, आणि आठ अरुंद, मुद्दाम ईशान्येच्या डोंगराळ राज्यांसाठी, जिथे तार ओढणे कठीण. चौदा वर्षे तो तिथे राहून काम करायचा. फोनवर भाची हे सगळे धाप लागल्यासारखी सांगत होती, आणि मधेच म्हणाली, "मामा, आता तो कधीच परत हाताला लागायचा नाही रे." मुलगी सासरी पाठवल्यावर तिची आई ज्या आवाजात बोलते, तो आवाज.

मी म्हटले, "बिल्ला काही मिळाला नाही बाई."

"असू दे," ती म्हणाली. "मिळाला असता तरी तो त्यांचा असता ना."

परतीच्या विमानात तिचे हे वाक्य माझ्या मनातून जाईना. वऱ्हाडासाठी एस. टी. ठरवतात तेव्हा गाडी महामंडळाची, चालक महामंडळाचा, पण पुढच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर नावे नवरानवरीची असतात. त्या कागदामुळे ती गाडी तेवढ्यापुरती आपली होते. भाड्याने ठरवलेल्या उड्डाणाचा बिल्ला मला तसा वाटतो. त्यांनी त्यांच्या गाडीवर चार पाने लावली. आपला कागद आपणच लिहायला नको का?

डिसेंबरात भाची रजेवर पुण्याला आली तेव्हा मी हे तिला बोलून दाखवले. तिने लगेच वहीतला कागद फाडून काढला. मला वाटले आता अग्निबाण काढील, अशोकचक्र काढील. तिने काढली बैलगाडी.

ही बैलगाडी बिनकामाची नव्हे. आपला पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह 'ॲपल' १९८१ च्या जूनमध्ये युरोपच्या एरियन अग्निबाणावरून गेला, दक्षिण अमेरिकेतल्या कुरूहून. म्हणजे त्या वेळीही गाडी परक्याचीच. त्याच्या आधी बेंगळुरात त्या उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि जवळपास धातू नको होता. तेव्हा मोकळ्या माळावर लाकडी बैलगाडी आणून उपग्रह तिच्यावर ठेवला. ते छायाचित्र जगभर पाहिले गेले, काहींनी हसून, काहींनी आदराने. जेमिनीच्या बिल्ल्यावर छपराची गाडी, आमच्यावर बैलगाडी. माझ्या तोंडून निघाले, "अगं, त्यांचीही पहिली गाडीच होती!" ती म्हणाली, "ठाऊक आहे मला." मग तिने गाडीच्या वर उपग्रह काढला आणि त्यातून आठ बारीक रेघा उजव्या हाताला वर, ईशान्येच्या दिशेला ओढल्या. कोपऱ्यात शुभ म्हणून काहीतरी हवे. क्लोव्हर नको म्हणाली. तीन पात्यांची दूर्वा काढली.

पुण्यात लष्कर भागात पलटणींचे बिल्ले आणि फिती करून देणारे जुने कारागीर आहेत. एका अरुंद बोळातल्या दुकानात आम्ही तो कागद घेऊन गेलो. काचेखाली मराठा, महार, गुरखा अशा पलटणींची चिन्हे मांडलेली. म्हाताऱ्या कारागिराने चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला. अक्षरे याहून लहान नकोत, सुईत बसत नाहीत, म्हणाला. आठ रेघा निघतील, पण बैलांच्या शिंगांना सोनेरी दोरा लावावा लागेल, पिवळा उठून दिसत नाही. दूर्वेवर त्याने बराच वेळ बोट ठेवले आणि काहीच सुचवले नाही. मग त्याने विचारले,

"ही कुठली पलटण म्हणायची, साहेब?"

मी भाचीकडे बोट दाखवले. त्याने तिला एकदा नीट पाहून घेतले आणि वही उघडली.

"नग किती? पन्नासाच्या खाली परवडत नाही."

"पन्नास कुठले!" ती म्हणाली. "मला एकच—" आणि थांबली. मग बोटांवर मोजू लागली. आमच्या खोलीतले नऊ. रात्रपाळीचे चार. तारा जोडणाऱ्या बायका, त्या सात, नाही, आठ, एक मधेच बाळंतपणाला गेली पण तिने निम्मे केले होते. पेटी उचलून गाडीत ठेवणारे. निर्वात टाकीवाले. कँटीनमधून पहाटे तीनला चहा आणणारा मुलगा. एका हाताची बोटे संपली, दुसऱ्याची संपली, मग पेरे मोजू लागली. कारागीर पेन्सिल धरून बसून राहिला, आणि मी बाकावर सरकून तिला बसायला जागा करून दिली.